पोटरीवरचे दात आणि बागमालकाचे पाचशे रुपये

देवगड तालुक्यातल्या एका वाडीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: त्यांची आई, वय 56, बंदरावरून मासळीची पाटी घेऊन वाड्यांमधून विकते. सोमवारी सकाळी नेहमीच्या पाणंदीने येताना एका कलमाच्या बागेतून मोकळा सुटलेला कुत्रा धावून आला आणि त्याने उजव्या पोटरीचा लचका तोडला. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी लस मिळाली, 'सिरम' मात्र इथे नाही, कणकवलीला जा, असं सांगितलं. गाडीभाडं आणि पाय दोन्ही आडवे आल्याने त्या गेल्या नाहीत. बागेचा मालक मुंबईला. रखवालदाराने पाचशे रुपये देऊन 'तक्रार नाही' अशा कागदावर अंगठा मागितला. फोनवर मालक आधी म्हणाला, "तुम्ही आमच्या जागेत शिरलात, फाटकावर पाटी आहे", दुसऱ्या दिवशी म्हणाला, "कुत्रा आमचा नाहीच, भटका आहे." पोलिसांनी 'अर्ज द्या, चौकशी करू' म्हणून परत पाठवलं. वाडीतली पोरं कुत्र्याला विष घालायला निघाली आहेत. ताई विचारतात: आम्हाला काही मिळेल का, आणि कुणाकडून?

ताई, तुमचं पत्र पाचव्या दिवशी हाती आलं, म्हणून सिरमचं तुम्हाला लगेच फोनवर कळवलं. इतर वाचकांसाठी ते पुन्हा लिहितो, कारण भरपाई नंतरही मागता येते, सिरम नंतर घेता येत नाही.

कातडी फाटून रक्त आलं, लचका तुटला, तर ती तिसऱ्या श्रेणीची जखम. तिला नुसती लस पुरत नाही. लशीमुळे शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला काही दिवस जातात, आणि त्या मधल्या दिवसांत विषाणू मज्जातंतूत शिरू नये म्हणून तयार प्रतिपिंडं जखमेतच आणि जखमेभोवती टोचावी लागतात. सिरम म्हणतात ते हेच. घोड्यापासून बनवलेलं असेल तर वजनाच्या दर किलोला 40 युनिट, माणसाच्या रक्तापासून बनवलेलं असेल तर 20. तुमच्या आईचं वजन 52 किलो धरलं तर पहिल्या प्रकाराचे 2,080 युनिट होतात, म्हणजे 1,500 युनिटच्या दोन बाटल्या हाताशी लागतील. निघण्याआधी उपजिल्हा रुग्णालयात फोन करून तेवढा साठा आहे का विचारा. मुदत पहिल्या लशीपासून सात दिवसांची. त्यानंतर सिरम देत नाहीत, कारण तोवर लशीचं काम सुरू झालेलं असतं आणि सिरम त्यात अडथळा आणतं.

लशीच्या तारखा: सरकारी दवाखान्यात कातडीत टोचतात ती 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, दर वेळी दोन्ही दंडांवर, खाजगीत स्नायूत देतात ती 0, 3, 7, 14, 28. चूक होते ती शेवटच्या मात्रेला. जखम भरली, पाय चालता झाला, की 28 वा दिवस विसरला जातो. ती मात्रा चुकवू नका. जखमेवर हळद, चुना, तेल, तिखट काही लावू नका. चावल्यावर पहिलं काम म्हणजे साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं जखम धुणं. समुद्राच्या पाण्यात पाय बुचकळून काढणं म्हणजे धुणं नव्हे. घाईने टाकेही घालून घेऊ नका. घालावेच लागले तर आधी सिरम, मग सैल टाके. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं. एकदा लक्षणं दिसली की रेबीजमधून माणूस वाचत नाही, म्हणून इथे काटकसर नको.

आता विषाचं. ती पोरं तुमच्या मायेपोटीच निघाली असतील, पण त्यांना आजच थांबवा. चावलेला कुत्रा दहा दिवस जिवंत आणि नजरेसमोर असणं तुमच्या आईच्या उपचारासाठी मोलाचं आहे. चावताना त्याच्या लाळेत विषाणू असता, तर या दहा दिवसांत तो आजारी पडला असता किंवा मेला असता. तो धडधाकट राहिला तर पुढच्या मात्रांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही स्वतः बंद करू नका. शिवाय जनावराला विष घालून मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. म्हणजे ज्याच्या कुत्र्याने तुमच्या आईला फाडलं तो सहा महिन्यांच्या कलमात (291, त्याबद्दल खाली) आणि तुमच्या वाडीतली पोरं पाच वर्षांच्या कलमात, असं उलटं चित्र होईल. आणि कुत्रा मालकाचाच आहे हे दाखवायचा जिवंत पुरावाही जाईल. रोज सकाळ-संध्याकाळ कुणीतरी लांबून त्याचा फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असा. तोच फोटो उपचाराच्याही कामाचा आणि पुराव्याच्याही.

"कुत्रा आमचा नाही" हे वाक्य आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पत्रांत असतं. कायदा मात्र मालकीचा दाखला मागत नाही. न्याय संहितेचं कलम 291 'ताब्यातल्या' जनावराबद्दल बोलतं: माणसाला इजा होऊ नये म्हणून ताब्यातल्या जनावराचा जो बंदोबस्त करायला हवा तो जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने न करणं. म्हणून तुम्हाला दाखवायचं आहे ते इतकंच की त्याला भाकरी कोण घालतं, तो रात्री कुणाच्या मांगराच्या (बागेतल्या खोपीच्या) पडवीत झोपतो, साखळी कुणाच्या खांबाला आहे, गळ्यात पट्टा आहे का. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याला कधी लस टोचली असेल तर तिथल्या नोंदीत कुणाचं नाव आहे, हे पोलिसांना तपासायला सांगा. शेजारच्या दोन बागांतले गडी आणि त्या वाटेने शाळेत जाणारी मुलं घेऊन जाणारे पालक, असे तीन-चार साक्षीदार पुरेत. मालकाचा पहिला फोन आठवा: "फाटकावर पाटी आहे." ज्याचा कुत्रा नाही तो माणूस पाटीचं नाव कशाला काढेल? तो कॉल आल्याची तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा, मोबाइलमधली नोंद पुसू नका.

पाटीबद्दलही गैरसमज आहे. 'कुत्र्यापासून सावधान' लिहिलं की जबाबदारी संपली असं होत नाही. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत, बंद फाटकामागे, चोरपावलांनी शिरलेल्या माणसाच्या बाबतीत तिला थोडाफार अर्थ आहे. पाणंदीवरून जाणाऱ्या बाईच्या बाबतीत ती पाटी एवढंच सांगते की कुत्रा अंगावर जातो हे मालकाला आधीपासून ठाऊक होतं. तुमचा सगळा वाद म्हणून 'कुठे चावला' यावर येणार. गाव नकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून काढा. पाणंद किंवा पायवाट तिथे तुटक रेघांनी दाखवलेली असेल तर काम सोपं. नसेल तर वहिवाट साक्षीदारांनी सांगायची. पंचनाम्यात 'बागेजवळ' असं मोघम लिहू देऊ नका. फाटकापासून किती फूट, गडग्याच्या बाहेर की आत, मासळीची पाटी कुठे पडली, हे शब्दांत उतरवून घ्या. वानरं हाकायला बागेत कुत्रा लागतो, हे कोकणात कुणालाही मान्य आहे. दिवसाउजेडी त्याला वाटेवर मोकळा सोडायला लागत नाही.

पोलिसांनी तुम्हाला जे सांगितलं ते बरोबर नाही. कलम 291 चा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे तक्रार दिल्यावर प्राथमिक माहिती अहवाल (एफआयआर) नोंदवायलाच हवा. आधी चौकशी करून मग नोंद, ही सवलत नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कारवाईची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याच्या) कलम 173 मध्ये तीन वर्षे किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती आहे. 291 ची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तेव्हा ती इथे लागूच होत नाही. पुन्हा जाल तेव्हा लेखी तक्रार दोन प्रतींत न्या, एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या. नोंद झाल्यावर अहवालाची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क. तरीही नकार मिळाला तर तीच तक्रार ओरोसला जिल्हा पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, आणि तिथेही काही हललं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम 175(3) खाली अर्ज करता येतो. बहुतेक वेळा अधीक्षकांकडच्या पोस्टाच्या पावतीनेच काम होतं.

एका गोष्टीकडे नीट बघा, कारण ती सर्रास हातची जाते. न्याय संहितेच्या कलम 125 मध्ये निष्काळजी कृत्याने साधी दुखापत झाली तर सहा महिने, पण गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. आणि 'गंभीर' म्हणजे हाड मोडणंच नव्हे. पंधरा दिवस सतत तीव्र वेदना किंवा पंधरा दिवस नेहमीचं कामकाज करता न येणं, हीही गंभीर दुखापतच. जुन्या दंड संहितेत हे दिवस वीस होते. तुमच्या आईचं नेहमीचं काम डोक्यावर पाटी घेऊन चार-सहा किलोमीटर चढ-उतार चालणं हे आहे. खुर्चीत बसणाऱ्याला जी जखम आठ दिवसांत सोसवेल ती तिला तीन आठवडे घरी बसवू शकते. डॉक्टरांना हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. ते केसपेपरवर 'कुत्रा चावला, लस दिली' इतकंच लिहून मोकळे होतील. तेव्हा प्रत्येक ड्रेसिंगच्या वेळी पाय किती टेकवतो हे सांगा, ते लिहून घ्या, आणि बरं झाल्यावर किती दिवस काम करू शकली नाही याचं प्रमाणपत्र मागा. वाढवून लिहायला सांगू नका. खरे दिवस पुरेसे आहेत, आणि फुगवलेला एक दिवस उलटतपासणीत सगळं पाडतो. जखमेच्या प्रमाणपत्रात दातांच्या खुणा किती, लचक्याची लांबी-रुंदी-खोली सेंटिमीटरमध्ये किती, हे हवं. फोटो काढताना बाजूला मोजपट्टी धरा: पहिल्या दिवशीचा, आठव्या दिवशीचा, व्रण राहिल्यावरचा.

आता पैशांचं. वर लिहिलेला दंड सरकारजमा होतो. '5,000 रुपये भरपाई' असं कुणी म्हणालं तर ते चूक. भरपाईचे मार्ग निराळे. फौजदारी खटल्यात दोषी ठरवल्यावर न्यायालय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 395 खाली जखमीला भरपाई द्यायला सांगू शकतं, पण त्याला वेळ लागतो. मुंबईत 2010 साली रॉटवायलर चावल्याच्या प्रकरणात मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली गेली ती 2023 मध्ये. दिवाणी दावा स्वतंत्रपणे करता येतो. त्याला फौजदारी निकालाची वाट बघावी लागत नाही आणि साधारण तीन वर्षांची मुदत आहे. तिसरा मार्ग तालुका विधी सेवा समितीचा, त्याकडे शेवटी येतो. ग्राहक आयोगात मात्र जाऊ नका. बागमालकाने तुमच्या आईला कुठली सेवा विकली नव्हती. (रिसॉर्टच्या किंवा होमस्टेच्या पाळीव कुत्र्याने तिथे राहायला आलेल्या पाहुण्याला चावलं तर गोष्ट वेगळी, तिथे दोन वर्षांच्या आत ग्राहक तक्रार चालते.) वनखात्याची भरपाई वन्यप्राण्यांसाठी, कुत्र्यासाठी नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना जनावर चावल्याच्या प्रकरणात उपयोगी पडते, पण ती मृत्यू किंवा अवयव-डोळा गमावण्यापुरती, आणि शेतकरी कुटुंबासाठी.

रक्कम कशी काढायची? तोंडी '50,000 द्या' म्हटलं की समोरचा 2,000 वर येतो. हिशेब मांडा. उदाहरण म्हणून: औषधं-ड्रेसिंग 3,200, कणकवलीची फेरी आणि आरोग्य केंद्राच्या फेऱ्यांचं रिक्षाभाडं 2,600, आईची बुडालेली मिळकत दिवसाला 450 प्रमाणे 24 दिवसांची 10,800, तुमची बुडालेली मजुरी 400 प्रमाणे 6 दिवसांची 2,400. बेरीज 19,000. ही झाली खिशातून गेलेली रक्कम. तिच्यावर वेदना, व्रण, आणि पुढे पाय पूर्वीसारखा चालला नाही तर त्याची रक्कम वेगळी मागायची. मिळकत म्हणजे विक्री नव्हे. मासळीची खरेदी, बर्फ, भाडं वजा जाऊन हातात राहतं ते. पगारपत्रक नसलं तरी अडत नाही: लिलावाच्या चिठ्ठ्या, बचत गटाचं पासबुक, सोबत विकणाऱ्या दोघींची शपथपत्रं चालतात. पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांसाठी ताज्या मासळीचा आकडा धरू नका. त्या दिवसांत आई सुकी मासळी विकत असेल तर तो हिशेब वेगळा करा. रिक्षावाल्याकडून साध्या कागदावर का होईना, तारीख, अंतर, रक्कम आणि सही घ्या. महिन्यानंतर कुणाला आठवत नाही.

वाचकांनी 'एका दातामागे 10,000' हे ऐकलेलं असतं. तो पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचा नोव्हेंबर 2023 चा निकाल: प्रत्येक दाताच्या खुणेला किमान 10,000 आणि मांस तुटलं असेल तर जखमेच्या दर 0.2 सेंटिमीटरला किमान 20,000. तो तिथल्या राज्यांना आणि चंडीगडला लागू आहे, आणि मुख्यतः सरकारी यंत्रणेकडून मिळणाऱ्या भरपाईबद्दल आहे. आपल्याकडे वकील त्याचा दाखला देऊ शकतात, दर म्हणून तो मागता येत नाही. तरीही सेंटिमीटर मोजून घ्या म्हणतो ते यासाठीच.

नोटीस कुणाला? मालक आणि रखवालदार दोघांनाही, पण पैशांची मागणी मालकाकडे. रखवालदार त्याच्या पगारावर आहे, त्याने कामाच्या ओघात केलेल्या हलगर्जीपणाची भरपाई मालकावर येते. परमुलखातून आलेल्या त्या गड्याला एकट्याला पकडून मुंबईचा माणूस सुटला, असं होऊ देऊ नका. मालकाचा मुंबईचा पत्ता मिळत नसेल तर बागेच्या सातबाऱ्यावरचं नाव आणि ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची नोंद बघा.

समजा खरोखरच कुत्रा भटका निघाला. मग जबाबदारी ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपंचायतीकडे वळते. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 प्रमाणे भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि रेबीज लसीकरण स्थानिक संस्थेने करायचं आहे, नंतर कुत्रा मूळ जागी सोडायचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात रेबीजग्रस्त, संशयित आणि आक्रमक कुत्री यातून वगळली, ती परत सोडायची नाहीत. 7 नोव्हेंबर 2025 ला शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, एसटी स्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री तिथे परत न सोडण्याचा आदेश झाला. तेव्हा आधी माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने विचारा: गेल्या तीन वर्षांत किती कुत्र्यांचं निर्बीजीकरण, किती लसीकरण, किती खर्च, आणि याच कुत्र्याबद्दल आधी तक्रारी होत्या का. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. काहीच केलं नसल्याचं त्या उत्तरात दिसलं तर तुमची बाजू उभी राहते. स्थानिक संस्थेवर दावा करण्याआधी लेखी नोटीस लागते आणि मुदती आखूड असतात, म्हणून यात वर्ष घालवू नका. उच्च न्यायालयात रिट याचिका (सरकारी यंत्रणेविरुद्धचा थेट अर्ज) करायची तर सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीसाठी ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबई गाठावी लागत नाही.

तुमच्या प्रकरणात मात्र आम्हाला वाटतं ते असं. गुन्हा नोंदवा, 28 व्या दिवसाची मात्रा पुरी होऊ द्या, जखम भरू द्या, मग कामाचे बुडालेले दिवस मोजून नोटीस द्या. सोबत तालुक्याच्या न्यायालयाच्या इमारतीतल्या विधी सेवा समितीत अर्ज द्या. तुमच्या आईला उत्पन्न कितीही असलं तरी बाई म्हणून वकील फुकट मिळतो. चौकशीसाठी 15100 हा क्रमांक आहे. समिती समोरच्याला बोलावते, आणि दावा दाखल होण्याआधीच लोकअदालतीत तडजोड होऊ शकते. तिथे झालेल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याची ताकद असते आणि त्यावर अपील नसतं. गावच्या तंटामुक्ती समितीसमोर बसून लिहिलेल्या कागदाला ती ताकद नाही. पैसे आले नाहीत तर पुन्हा दावा करावा लागतो. बैठक गावातच झाली तरी चालेल, शेवटचा कागद लोकअदालतीतूनच करा.

त्या कागदात काय हवं ते सांगतो. रक्कम आकड्यात आणि अक्षरात, आईच्या बँक खात्यावर, ठराविक तारखेच्या आत. आजवरचा खर्च आणि यापुढे त्याच जखमेमुळे होणारा उपचार, दोन्हींचा उल्लेख वेगवेगळा. कुत्रा दिवसा बांधून ठेवण्याची आणि त्याला दरवर्षी रेबीजची लस देऊन तिचं कार्ड ग्रामपंचायतीत दाखवण्याची अट. मजकूर आईला मराठीत वाचून दाखवल्याची ओळ, वाचणाऱ्याच्या सहीसह. 'तक्रार नाही' हे शब्द पैसे खात्यावर जमा झाल्यानंतरच्या पावतीत येतील, आधी नाहीत. आणि रखवालदाराने दिलेले ते पाचशे रुपये आईने घेतले असतील तर घाबरून परत करू नका. 'औषधासाठी मिळालेले 500 रुपये' म्हणून हिशेबात वजा दाखवा. अंगठा दिलेला नाही ना, मग काहीच बिघडलेलं नाही.